ओळखलेला शेवट

गोष्ट अर्ध्यावर आली की ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी एकजण हटकून म्हणतो, "मला ठाऊक आहे पुढे काय होणार ते!" असा एक मनुष्य घरोघरी असतो. दिवाळीच्या फराळाला चारचौघे जमले आणि कोणी वाचलेल्या कादंबरीची हकिकत सांगू लागला, की या गृहस्थाला चकलीपेक्षा शेवटाची घाई अधिक. सांगणाऱ्याचा चेहरा उतरतो, बायकामंडळी "जरा गप्प बसा हो" म्हणून दटावतात, आणि तरीही तो शेवट सर्वांच्या मनात जाऊन बसतो तो बसतोच. या माणसाने काही अपराध केला काय? केला असल्यास कोणाचा? गोष्टीचा, ऐकणाऱ्यांचा, की लिहिणाऱ्याचा?

प्रश्न दिसायला पोरकट आहे खरा. पण गेली पंधरा-सोळा वर्षे तो माझी पाठ सोडीत नाही. माझ्याच एका गोष्टीचा शेवट एका व्यक्तीने अर्ध्यावर ओळखला, आणि त्या व्यक्तीशी मी जे वागलो ते चांगले वागलो नाही.

ओतूरहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिंगोरे हे आमचे गाव. माझे शिक्षण संपले. पण शाळा काही सुटली नाही. बाकावरून उठलो आणि फळ्यापाशी जाऊन उभा राहिलो, एवढाच फरक. मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. पहिल्या कामाला गावात मान आहे. दुसऱ्याची चौकशी लोक "अजून चालू आहे का ते?" अशी करतात, जसा काही तो जुना खोकलाच असावा.

गोष्टी ऐकण्याची हौस आमच्या भागात मोठी. नारायणगाव आमच्याच तालुक्यात. गुढीपाडव्याच्या आधी तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेसाठी सुपारी द्यायला जातात. वगात राजा वेष पालटून आला, की मागे बसलेले म्हातारे टोपी सारखी करीत शेजाऱ्याला सांगतात, "ह्यो राजाच हाय बघ." आपल्याला ओळखले आहे हे त्या राजालाही ठाऊक असते. कोणाचे काही बिघडत नाही. ओतूरच्या कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, आणि सोमवार सरत जातील तशी पिंडींची संख्या वाढत जाते. पुढच्या सोमवारी किती पिंडी असणार हे शेंबड्या पोरालाही सांगता येते. पण त्या कारणाने कोणी दर्शनाला जायचे राहिले असे मी तरी पाहिले नाही. चातुर्मासात 'हरिविजय' लावतात. कंस मरणार हे आठव्या मुलाच्या आकाशवाणीपासून उघड असते. तरी कृष्ण गोकुळ सोडून निघतो त्या अध्यायाला बायका पदर डोळ्यांना लावतातच. आणि हरिभाऊ आपट्यांनी तर कमालच केली. 'गड आला पण सिंह गेला' हे नाव देऊन कादंबरीचा शेवट त्यांनी वेष्टणावरच छापून टाकला! वाचक तरीही तानाजीबरोबर कडा चढतात.

तेव्हा शेवट कळल्याने गोष्ट मरते, ही समजूत मी केव्हाच सोडली आहे. आपला प्रश्न थोडा निराळा आहे. शेवट आधीपासून ठाऊक असणे वेगळे आणि अर्ध्या वाटेवरच्या खुणा पाहून तो ओळखणे वेगळे. पहिल्यात श्रोता निवांत मागे रेलून बसलेला असतो. दुसऱ्यात तो उठून लेखकाच्या बरोबरीने चालू लागतो, आणि कधीकधी त्याच्या दोन पावले पुढेही जातो.

यात अद्भुत कादंबरीची गंमत आणखीच. तिच्यात काय वाटेल ते घडू शकते, मग तिचा शेवट ओळखता येईलच कसा, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. सामाजिक कादंबरीतला कारकून उद्या सकाळी काय करील हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. तो नोकरीचा राजीनामा देईल, नाहीतर मुकाट्याने चहा पिऊन कचेरीत जाईल. अद्भुतातला राक्षस मात्र नियमाने बांधलेला असतो. हिरण्यकशिपूचा वर आठवा. दिवसा मरण नको, रात्री नको. घरात नको, घराबाहेर नको. माणसाकडून नको, पशूकडून नको. ही यादी मी दर वर्षी वर्गात सांगतो. नरसिंहाचे नाव अजून निघालेले नसते, आणि ज्याने ही कथा कधी ऐकलेली नाही असा एखादा मुलगा मागच्या बाकावरून ओरडतो, "संध्याकाळी मारायचं!" लगेच दुसरा म्हणतो, "उंबऱ्यावर!" राक्षसाने सारी दारे लावून घेतली खरी, पण ती मोजून दाखवताना फट कुठे राहिली तेही त्यानेच सांगून टाकले. मुलांच्या तोंडावर त्या वेळी जे तेज येते ते गणित सुटल्यावरही येत नाही. पुढे नरसिंह खांबातून प्रकट होतो तेव्हा कोणाचाही विरस होत नाही. आपण म्हणालो तसेच देवाने केले, याचा त्यांना केवढा अभिमान वाटतो!

जादू वाटेल तेवढी असू द्या, त्या जगात लबाडी चालत नाही. एकदा घातलेली अट लेखकालादेखील मोडता येत नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते माझ्याच अंगावर येणार आहे.

ओळखणाऱ्यांतही दोन जाती आहेत. एक साच्यावरून ओळखणारा. राक्षस आला की त्याचा प्राण पोपटात असणार, धाकटा राजपुत्र भोळा असला की तोच राज्य मिळवणार, सावत्र आई आली की ती दुष्ट. हा मनुष्य गोष्ट वाचीतच नाही. तो तिचे कूळ विचारतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. (माणसांच्या बाबतीत हाच उद्योग करणारे आपल्याकडे थोडे नाहीत, आणि शिक्षकांच्या खोलीत तर ते बरेच भेटतात. पहिल्या महिन्यात मुलाचे आडनाव आणि अक्षर पाहून त्याचा दहावीचा निकाल सांगणारे लोक मला ठाऊक आहेत. मीही पूर्वी सांगत असे.) दुसरा ओळखणारा खुणांवरून ओळखतो. त्याला गोष्टीचे कूळ नको असते; या गोष्टीत, याच पानावर, या माणसाचा हात असा का हलला, हे तो पाहतो. पहिला चुकला तर पुस्तकाला नावे ठेवतो. दुसरा चुकला तर मागची पाने उलटून पाहतो.

माझ्या पिढीचा या दुसऱ्या विद्येचा अभ्यास 'चांदोबा'त झाला. मद्रासहून निघणारे ते मासिक 1952 पासून मराठीत येऊ लागले होते. आमच्या हाती पडले तेव्हा ते वयाने आमच्या काकांएवढे झाले होते. आता ते निघत नाही. त्यात एक अद्भुत कादंबरी दर महिन्याला क्रमशः येई. ती पुष्कळदा तेलुगूत दासरी सुब्रह्मण्यम् यांनी लिहिलेली असे हे मला फार उशिरा कळले, कारण लेखकाचे नाव छापलेले नसे. आम्हांला वाटे, या गोष्टी चंद्रावरूनच येतात. भाग तुटायचा तो नेमका गुहेच्या तोंडाशी. मग महिनाभर आमची वादावादी. शाळेच्या कट्ट्यावर, मोटारीची वाट पाहताना, कांद्याच्या वाफ्यांना पाणी देताना. मांत्रिक मेला की मेल्याचे सोंग घेतो? पुढचा अंक आला की ज्याचा तर्क खरा ठरे तो चार दिवस मान ताठ करून चाले. पण एक सांगतो, ज्याचा तर्क चुके तोच नवा भाग जास्त बारकाईने वाची. आपले पाऊल कुठे घसरले हे त्याला शोधायचे असे.

'चांदोबा'तला विक्रम-वेताळ कोण विसरेल? चित्रकार शंकर यांनी काढलेला तो राजा, हातात तलवार, खांद्यावर प्रेत. त्याच्याकडे मला पुढे यायचे आहे.

आमच्या आजोबांच्या संग्रही नाथमाधवांच्या 'वीरधवल'ची एक जुनी प्रत होती. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. 1913 सालची ही त्यांची अद्भुत कादंबरी एके काळी घरोघर वाचली गेली. आमच्या प्रतीची शेवटची पाने उंदरांनी की वाळवीने नेली होती. आजोबा ती मोठ्याने वाचीत, आणि पान संपले तिथे चष्मा काढून विचारीत, "हां, आता बोला." मग प्रत्येकाने आपापला शेवट सांगायचा. आत्याच्या शेवटात सगळ्यांची लग्ने होत. चुलत्याच्या शेवटात लढाई. आजोबा प्रत्येकाला एकच प्रश्न करीत, "कशावरून?" 'मला असं वाटतं' हे उत्तर त्यांना चालत नसे; अमुक प्रकरणात अमुक माणूस असे बोलला, म्हणून, असे सांगावे लागे. मोठेपणी मला संपूर्ण प्रत मिळाली आणि खरा शेवट वाचला. कोणता सरस ते सांगत नाही; नाथमाधवांवर अन्याय होईल, नाहीतर आत्यावर.

आता माझा गुन्हा.

नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. जुन्नर आणि कोकण यांना जोडणारी ती सातवाहनांच्या काळची वाट. जकातीची नाणी या रांजणात टाकीत, असे म्हणतात. शेजारी जीवधन किल्ला, गुहेत ब्राह्मी लिपीतला लेख. असली जागा दाराशी असताना कोणता कादंबरीकार गप्प बसेल? मुलांच्या एका मासिकासाठी मी बारा भागांची अद्भुत कादंबरी लिहायला घेतली. तिचे नाव सांगत नाही. ज्यांनी वाचली त्यांना आठवेल, ज्यांनी वाचली नाही त्यांचे काही बिघडलेले नाही. कथा अशी, की एक राजा शापाने हरवतो. चेहरा जातो, वाचा जाते, स्मरण जाते. त्याचा मुलगा त्याला शोधीत देश धुंडाळतो. घाटमाथ्यावर रांजणापाशी एक मुका पाणक्या वाटसरूंना पाणी पाजीत असतो. राजपुत्र त्याच्या हातचे पाणी पिऊन चार वेळा पुढे निघून जातो. वाचकांनी ओळखलेच असेल. पाणक्या हाच राजा. बाराव्या भागात मुलाला ते कळायचे होते.

शनिवारी शाळा सकाळची असे, आणि शेवटचा तास मी गोष्टीचा ठेवला होता. मासिक आले की नवा भाग वर्गात वाचून दाखवी. पाचवा भाग वाचून झाला त्या दिवशी सातवीतली एक मुलगी उभी राहिली. एरवी हजेरी घेतानाही जिचा आवाज ऐकू येत नसे अशी ती मुलगी.

"सर, तो पाणक्या राजाच आहे."

"कशावरून?" आजोबांचा प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघाला.

"तो पाणी काढतो तवा पहिली ओंजळ दगडावर सोडतो. पहिल्या भागात राजा तसंच करायचा. आधी घोड्याला पाजायचा, मग स्वतः प्यायचा. आता घोडा नाही, पण हाताला सवय आहे." एवढे बोलून ती थांबली आणि मग हळूच म्हणाली, "आमचा आजा पण तसाच. बैल विकला तरी रोज सांजच्याला दावणीपाशी बादली नेऊन ठेवायचा."

वाचकहो, ती ओंजळ मी लपवली होती. पाचव्या भागात अर्ध्या ओळीत, दोन मोठ्या वाक्यांच्या मध्ये, कोणाच्या दृष्टीस पडू नये अशा बेताने. पडली तरी बाराव्या भागानंतर मागे वळून पाहताना पडावी, असा माझा डाव होता. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात माझी अर्धी ओळ एकीला सापडली! पण तो आनंद फार वेळ टिकला नाही. वर्गातली पंचेचाळीस मुले माझ्याकडे पाहत होती. अजून सात भाग बाकी होते, सात महिने. आणि सातवीतल्या पोरीने माझी झोळी उलटी करून दाखवली होती. मी हसलो, आणि म्हणालो, "छे, छे! इतकी सोपी गोष्ट लिहीन होय मी? पुढचे भाग ऐक म्हणजे कळेल."

वर्ग हसला. ती खाली बसली.

त्या रात्री मी पुढच्या भागांची वही काढली. उसात बिबट्या शिरल्याची आवई उठली होती म्हणून गाव लवकर चिडीचूप झाले होते, आणि लिहायला मला निवांतपणा होता. नवव्या भागात मी पाणक्याला ताप आणला आणि मारून टाकला. राजा म्हणून जीवधनच्या पोटातल्या भुयारातून एक निराळाच गृहस्थ बाहेर काढला. त्याच्या पहाऱ्यावर एक मांत्रिक बसवला, ज्याचे नाव पहिल्या आठ भागांत कोणी ऐकलेले नव्हते. नववा भाग वाचला तेव्हा मुले थक्क झाली. संपादकांचे पत्र आले, शेवट अगदी अनपेक्षित साधला म्हणून. अनपेक्षित होताच! तो मलादेखील अपेक्षित नव्हता.

आणि ती मुलगी? पाणक्या मेला तेव्हा ती खिडकीतून बाहेर मैदानाकडे पाहत होती. त्या वर्षी तिने पुन्हा कुठल्याही गोष्टीत तर्क केला नाही. मी विचारले तरी नाही.

माझ्या एका लेखक मित्राला मी ही हकिकत सांगितली. तो म्हणाला, "अरे, लेखक आपल्या सृष्टीचा धनी असतो. त्याला वाटले, त्याने बदलले. वाचकाला चकित करणे हा त्याचा हक्क आहे." मीही बरीच वर्षे स्वतःला हेच सांगत होतो. लेखकाने शेवट बदलू नये असे माझे म्हणणे नाही. लिहिता लिहिता अधिक खरे काही सुचले तर आधीचे दहा शेवट फाडून टाकावेत. पण मला अधिक खरे काही सुचले नव्हते. मी पकडला गेलो म्हणून बदलले.

जगातल्या मोठ्या लेखकांवरही ही पाळी येते. हॅरी पॉटरचा सहावा भाग 16 जुलै 2005 रोजी निघाला आणि सातवा 21 जुलै 2007 रोजी. मधली दोन वर्षे देशोदेशीची मुले आमच्या कट्ट्यावरच्यासारखीच भांडत होती. स्नेप हा मास्तर मुळात दुष्ट की भला, हा मोठा वाद. सहाव्या भागात एका चिठ्ठीखाली नुसती आर. ए. बी. ही आद्याक्षरे होती. ब्लॅक घराण्यातला रेग्युलस तो हाच, असा तर्क पुष्कळांनी लढवला. त्यात एक मजेदार गोष्ट घडली. डच आणि नॉर्वेजियन भाषांतरांत ब्लॅक या आडनावाचेही भाषांतर केलेले होते, त्यामुळे चिठ्ठीतले शेवटचे अक्षर तिथे बदलावे लागले. आणि त्या बदललेल्या अक्षराने सारे गुपित फोडले! दोन वर्षे ते उघडे पडून होते. तरीही रोलिंगबाईंनी सातव्या भागात तोच रेग्युलस आणला. दुसरे एक अमेरिकन लेखक, जॉर्ज मार्टिन, यांनी तर बोलूनच दाखवले आहे, की काही वाचकांनी आपला रोख ओळखला म्हणून दिशा बदलावी तर आधी पेरलेल्या साऱ्या खुणा खोट्या पडतात. त्यांच्या मालिकेचा पाचवा भाग 2011 मध्ये निघाला. त्यानंतर पुढच्या भागासाठी वाचकांना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवल्याबद्दल लोक त्यांना दूषणे देतात, पण या एका बाबतीत ते माझ्यापेक्षा प्रामाणिक निघाले.

खुणा खोट्या पडतात, हे खरे दुखणे. मी त्या मुलीला फसवले ते केवळ शेवटापुरते नव्हे. तिने पुस्तकातली ओंजळ आपल्या आज्याच्या बादलीशी जोडली होती. माणूस सर्व विसरला तरी हात विसरत नाही, हे तिने घरी, गोठ्यात, दावणीपाशी शिकले होते. आणि ते ज्ञान घेऊन ती माझ्या गोष्टीत आली होती. ओंजळीला काही अर्थ नव्हता असे मी तिला सांगितले, म्हणजे बादलीलाही काही अर्थ नव्हता असे सांगितले. मी वर्गात खडू घेऊन उभा राहतो तो बरोबर उत्तरावर बरोबरची खूण करायला. एका बरोबर उत्तरावर मी फुली मारली, आणि फुली खरी दिसावी म्हणून सात महिने खपून पुस्तकच बदलून टाकले.

आता वेताळाकडे येतो. या कथा 'कथासरित्सागरा'त आहेत. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने तो ग्रंथ रचला, आणि त्याचे मूळ परंपरेने सातवाहनांच्या दरबारातल्या गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'त मानतात. म्हणजे नाते जोडायचेच तर आमच्या नाणेघाटाशीही जोडता येते. अट सर्वांना पाठ आहे. उत्तर ठाऊक असून राजा बोलला नाही तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. बोलला तर मौन मोडले म्हणून वेताळ परत झाडावर. राजा शहाणा, त्याला प्रत्येक कोड्याचे उत्तर येते, आणि म्हणून त्याची पायपीट काही संपत नाही. लहानपणी मला हा वेताळ फार दुष्ट वाटे. बरोबर उत्तराची ही कसली शिक्षा!

शेवटचे कोडे मात्र नात्यांच्या अशा गुंत्याचे येते, की राजाला उत्तर सुचतच नाही. बाप मुलीशी लग्न लावतो आणि मुलगा तिच्या आईशी, तर त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? राजा विचार करतो आणि मुकाट्याने चालत राहतो. तिथेच वेताळ प्रसन्न होतो. ज्या जोग्यासाठी हे प्रेत नेतो आहेस तो तुझाच बळी देणार आहे, असे बजावतो, आणि सुटकेची युक्तीही सांगतो. सारी उत्तरे येणारा राजा झाडाभोवती फिरत राहिला आणि एका न येणाऱ्या उत्तराने वाचला. अर्ध्यावर शेवट सांगून मान ताठ करणाऱ्या आम्हा मंडळींना यात चिमटा आहे, तो मी मान्य करतो. कितीही खुणा वाचल्या तरी गोष्टीत एक जागा आपल्याला न कळणारी असते, आणि पुष्कळदा पुढचा रस्ता तिथूनच फुटतो.

परंतु मला अलीकडे वेताळाचा दुसराच गुण दिसू लागला आहे. राजाने उत्तर दिले की तो म्हणतो, "राजा, बरोबर बोललास." मग उडून जातो. राजाला तो दमवतो, स्मशानात हेलपाटे घालायला लावतो. पण त्याच्या बरोबर उत्तराला चूक म्हटल्याचे एकाही कथेत नाही. प्रेतात राहणाऱ्या पिशाचाला जे जमले ते फळ्यापुढे उभ्या असलेल्या मला जमले नाही.

गेल्या श्रावणात, सोमवारी, मी कपर्दिकेश्वराच्या दर्शनाच्या रांगेत उभा होतो. पुढून कोणीतरी "सर!" म्हणून हाक मारली. तीच होती. आता संसाराला लागलेली, बरोबर पाच वर्षांची मुलगी. इकडचे तिकडचे बोलणे झाले. मग ती म्हणाली, "सर, हिला तुमची गोष्ट सांगते मी. पाणक्याची."

मला घाम फुटला. "शेवट कोणता सांगतेस?"

"पाणक्या राजाच असतो की," ती म्हणाली, जणू दुसरा काही शेवट असूच शकत नव्हता.

मग मी रांगेतच, नारळाची पिशवी या हातातून त्या हातात घेत, तिला सारे सांगून टाकले. वही, ताप, मांत्रिक, सारे. तिने शांतपणे ऐकून घेतले. "मला ठाऊक होतं, सर. पाणक्या मेला त्याच दिवशी कळलं. ताप यायची काही खूणच नव्हती आधी."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही सर होता ना."

यावर मी काय बोलणार? रांग थोडी सरकली. छोटी एवढा वेळ माझ्याकडे टक लावून पाहत होती. आईने 'गोष्ट यांनीच लिहिली' म्हटल्यावर तिने मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "मग घोडा कुठं गेला?"

खरे सांगतो, घोडा कुठे गेला हे मला ठाऊक नव्हते. पहिल्या भागात त्याला मी नदीकाठी सोडला होता. पाणक्याच्या शेवटात तो नव्हता, आणि मांत्रिकाच्या शेवटात तर नव्हताच. सोळा वर्षांत मला त्याची आठवणही झाली नव्हती.

"मला नाही माहीत," मी म्हणालो.

"मला माहितीये!" ती म्हणाली.

मी नारळाची पिशवी खाली ठेवली, तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि विचारले, "कशावरून?"